सात वाजून पन्नास मिनिटं

देवास, ९ जानेवारी

ती. भावोजींस,

नमस्कार. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला आहे. जाऊबाई फोन उचलतात, "नंतर बोलते हं" म्हणतात, आणि त्यांचं नंतर सात महिने झाले उजाडत नाही. म्हणून हे रजिस्टर्ड पत्र. पोचपावतीवर सही तुमचीच हवी, शेजारच्या मोनूची नको.

काम एकच आहे. मयुरेशचा मेंदू आपण संशोधनाला दिला. 'आपण' हा शब्द तुम्हाला झोंबेल, म्हणून सुधारते. तुमच्या धाकट्या भावाने जिवंतपणी थरथरत्या हाताने फॉर्म भरला, बायको म्हणून मी सही केली, आणि तो गेला त्या दिवशी तुम्ही धारच्या अंगणात उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललात. ते मी विसरलेली नाही, पण आज तो विषय नाही.

लॅबचं पत्र आलंय. मयुरेशच्या मेंदूत कुठली जनुकं किती काम करत होती, ते त्यांना मोजायचं आहे. चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, लोकांनी दारुडा म्हणणं, हे सासऱ्यांचं झालं आणि पुढे मयुरेशचंही झालं. रक्त तपासलं तेव्हा एका जनुकात एक बदल सापडला होता. तो या आजाराचं कारण आहे की नुसताच तिथे बसलाय, ते रक्तावरून कळत नाही, मेंदूतच बघावं लागतं. अनन्याच्या रक्तातही तोच बदल आहे. तेव्हा माझ्यासाठी नको, पुतणीसाठी तरी पुढचं नीट वाचा.

फॉर्मवर तुम्ही सांगितलेली वेळ आहे: २१ मे, संध्याकाळी सात वाजून पन्नास मिनिटं. इंदूरला नमुना गोठवला अकरा पस्तीसला. म्हणजे पावणेचार तास. लॅब म्हणते, पावणेचार तासांच्या मानाने नमुना फारच खराब निघाला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. वेळ नक्की तीच का? गाडी येईपर्यंत त्याला कुठे ठेवलं होतं, खोली किती तापली होती? आणि शेवटचे काही तास त्याला ताप होता का, धाप होती का?

तिन्हींची उत्तरं एका पोस्टकार्डावर मावतील.

श्रिया

—

धार, १७ जानेवारी

गं. भा. श्रिया हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. सही मीच केली.

मृत्यूचा दाखला तुझ्याकडे आहे. त्यावर वेळ आहे, डॉक्टरांची सही आहे, शिक्का आहे. मी अडतीस वर्षे तहसील कचेरीत काढली, त्यातली बावीस नक्कल शाखेत, आधी गंधवानीला आणि मग धारला. शिक्का बसलेल्या कागदावर पुन्हा शंका काढायची नसते, हे मी पोरसवदा पटवाऱ्यांना शिकवले आहे. तुलाही शिकवतो.

नमुना खराब निघाला म्हणे. माझ्या पाठच्या भावाचे डोके उघडून नेले, आणि आता माल नासका निघाला म्हणून तक्रार करतात? मग परत करा म्हणावे. त्यांचा फ्रीज बंद पडला असेल, ड्रायव्हर वाटेत चहाला थांबला असेल. आपली चूक झाकायला लोक नेहमी मयताच्या घरच्यांनाच धरतात.

मयुरेश शांतपणे गेला. ताप नव्हता. आपल्या मधल्या खोलीत होता, जिथे चार महिने होता. खोलीत कूलर आहे, तो तू पाहिला आहेस.

पोस्टकार्ड पुरले नाही, म्हणून हे पाकीट.

भास्कर

—

देवास, २४ जानेवारी

भावोजी,

पहिली गोष्ट. मला गं. भा. लिहू नका. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, पगार घेते, टॅक्स भरते. कुठेच मला नावाआधी नवऱ्याचं मरण लावावं लागत नाही. तुमच्या पाकिटावर ते पोस्टमनने वाचलं आणि पत्र हातात देताना मान खाली घातली.

दुसरी गोष्ट. तुम्ही बावीस वर्षं नक्कल शाखेत होतात ना, मग तुमच्याच भाषेत सांगते. जनुक म्हणजे मूळ दस्त. तो रेकॉर्ड रूममधून हलत नाही. पेशीला काम करायचं असलं की त्या दस्ताची नक्कल निघते. ज्याच्या नकला जास्त, ते जनुक जास्त कामात. लॅब या नकला मोजते. माणूस गेला की पेशी लगेच थांबत नाहीत. काही तर थोडा वेळ भलत्याच नकला काढत सुटतात. पण मग नवीन निघणं बंद होतं आणि जुन्या विरायला लागतात. थंडीत हळूहळू, उन्हाळ्यात भराभर. मूळ दस्त टिकतो, नक्कल टिकत नाही. म्हणून ते वेळ विचारतात. शिक्क्यावर नाही, तुमच्या भावाच्या मेंदूवर त्यांचा विश्वास आहे, आणि तो मेंदू म्हणतो की पावणेचार तासांत माझं एवढं वाटोळं होणार नाही.

आता तिसरी गोष्ट, जी मला आठ महिने झोपू देत नाही. २१ मेला दुपारी चार वाजता मी धारला फोन केला होता. जाऊबाई म्हणाल्या, "झोपलाय गं, उठवू का?" मी म्हटलं, नको, झोपू दे. मयुरेश दुपारी कधी झोपायचा नाही. चार महिन्यांत एकदाही झोपला नाही. मग त्याच दिवशी का झोपला? तो बेशुद्ध होता का? तुम्ही डॉक्टरला बोलावलं का नाही? लॅबने विचारलंय की शेवटचे तास त्रासाचे होते का, कारण लांबलेलं मरणही नकलांमध्ये दिसतं. मला आता वाटतं की तो दुपारपासून जात होता, आणि तुम्ही त्याला जाऊ दिलंत. दवाखान्यात नेलं तर मेंदू देण्याची पुढची सोय तिथूनच झाली असती, आणि ते तुम्हाला नको होतं.

हे खोटं असेल तर खोटं आहे असं लिहा. नुसता शिक्का दाखवू नका.

श्रिया

—

धार, ६ फेब्रुवारी

श्रिया,

तुझ्या मनाप्रमाणे मायना लिहिला आहे. आशीर्वादही काढून टाकला, तोही तुला नको असेल.

मी भावाला मरू दिले, असे तू रजिस्टर्ड पत्राने लिहितेस. हे प्रश्न तुझे नाहीत, वकिलाने शिकवलेले आहेत. आधी वेळ, मग खोली, मग डॉक्टर का नाही. अशाच पायऱ्यांनी माणसाला कोर्टात उभे करतात, मी उभे राहिलेले पुष्कळ पाहिले. कर केस. मी तारखेला येईन.

पण तारखेला माझेही प्रश्न असतील. नवरा पडायला लागला तेव्हा त्याला धारला आणून कोणी सोडले? "शाळा सुटली की दर रविवारी येईन" असे अक्काला, तुझ्या जाऊला, कोणी सांगितले? फेब्रुवारी ते मे तू सात वेळा आलीस. त्याला आंघोळ अक्काने घातली, दाढी मी केली, आणि लोहारदा गावच्या मंडीतले त्याचे जुने मित्र भेटायला आले तेव्हा त्याची लाळ मी पुसली, म्हणजे त्यांना दिसू नये. तेव्हा तू देवासला पोरांना बेडकाचे हृदय शिकवत होतीस.

तो मला म्हणाला होता, "दादा, तिला सारखं बोलावू नको, तिला माझ्याकडे बघवत नाही." हे मी तुला सांगणार नव्हतो.

अनन्याचे भले कोण बघतो ते ज्याचे त्याला ठाऊक आहे. तू लॅबवाल्यांच्या नादी लागून बघतेस, मी माझ्या रीतीने बघितले आहे. वेळ सात पन्नास. यापुढे या विषयावरचे पत्र मी फोडणार नाही.

भास्कर

—

धार, २२ मार्च

श्रीमती श्रिया यांस,

कै. मयुरेश याचे वर्षश्राद्ध येत्या वैशाख वद्य द्वादशीस धारच्या राहत्या घरी करण्याचे योजले आहे. गुरुजी आत्ताच ठरवले, कारण पुढे लग्नांमुळे मिळत नाहीत. आपण, चि. सौ. अनन्या व श्री. पियुष यांनी यावे.

ही केवळ रीत म्हणून सूचना आहे. उत्तराची गरज नाही.

भास्कर

—

देवास, २९ मार्च

भावोजी,

उत्तराची गरज नव्हती, तरी देते आहे. बाहेरून हे पत्र तुम्हाला वर्षश्राद्धाचंच वाटावं म्हणून पाकिटावर तसं लिहिलंय. म्हणजे तुम्ही फोडाल.

तुमचं कार्ड मी टेबलावर ठेवून दिलं होतं. काल सहज वाटलं, तारीख कुठली येते ते बघू, म्हणून मोबाईलवर पंचांग उघडलं. आणि उघडलंच होतं तर मागच्या वर्षीचा २१ मेही बघितला. त्या दिवशी द्वादशी दुपारी चार बाराला संपली. सात पन्नासला त्रयोदशी होती.

ज्या तिथीवर माणूस जातो त्या तिथीला श्राद्ध. एवढं मलाही माहेरी शिकवलंय. आणि तुमच्याकडून तिथी चुकेल? तुम्ही गल्लीतल्या मांजरीचीसुद्धा तिथी सांगाल. म्हणजे मयुरेश द्वादशी असतानाच गेला. चार बाराच्या आधी. मी चारला फोन केला तेव्हा तो झोपला नव्हता.

त्याच पानावर खाली एक ओळ होती: पंचक समाप्ती, सायंकाळी सात एकतीस. मग मात्र मला सगळं कळलं. चंद्र कुंभ-मीनेत असतो ते पाच दिवस, त्यात कोणी गेलं तर तो घरातले आणखी पाच ओढून नेतो, हे तुम्ही मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी ऐकवलं होतं. मी हसले होते, तेव्हा तुम्ही जेवणावरून उठला होतात. तुम्ही माझ्या नवऱ्याला पंचकातून बाहेर काढण्यासाठी संध्याकाळपर्यंत मरू दिलं नाहीत. डॉक्टरांशी खोटं बोललात, सरकारी कागदावर खोटं लिहून घेतलंत, माझ्याशी खोटं बोललात. फक्त मेलेल्या माणसाशी खोटं बोलायला तुम्हाला धीर झाला नाही, म्हणून श्राद्ध मात्र खऱ्या तिथीला.

आणि माझीही लाज सांगून टाकते. त्या दिवशी इंदूरला मी त्याचा हात हातात घेतला. तो लाकडासारखा ताठ होता. अडीच-तीन तासांत, तेही मे महिन्यात, इतका ताठपणा येईल का, हे मी दहावीच्या पोरांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मला कळायला हवं होतं. मी बघायचं टाळलं. मयुरेश तुम्हाला बोलला ते बरोबरच बोलला.

आता कामाचं. २ मार्चला लॅबचा तात्पुरता रिपोर्ट आला. त्या जनुकाच्या नकला नेहमीच्या निम्म्याहूनही कमी आहेत. ते म्हणतात, पावणेचार तास खरे असतील तर हाच आजार आहे आणि बदल दोषी आहे. वेळ चुकीची असेल तर हा आकडा फक्त नासण्याचा आहे आणि त्याचा काहीही अर्थ काढता येणार नाही.

अनन्याला दिवस गेलेत. तेरावा आठवडा. बदल दोषी असेल तर आजार तिला येणार, आणि पोटातल्या जिवाला यायची शक्यता निम्मी. ठेवायचं की नाही, ते वीस आठवड्यांच्या आत ठरवलेलं बरं असं डॉक्टर म्हणतात. हे सगळं तुमच्या एका ओळीवर अडून बसलंय. खरी वेळ लिहा, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि मला पाठवा. केस करायची नाही. तुमच्यावर केस करण्याइतकीही मला तुमची गरज नाही.

श्रिया

—

धार, ४ एप्रिल

चि. सौ. अनन्या हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

बेटा, हे पत्र तुझ्या आईने स्वतःकडे मागवले आहे. मी ते मुद्दाम तुझ्या सासरी पाठवतो. ज्याचे नुकसान झाले त्याच्याच हातात कबुली द्यावी, मध्ये तिसरा नको. आणि तुझ्या आईचे तोंड मला पुन्हा पाकिटातूनही बघायचे नाही.

तुझे बाबा २१ मेला दुपारी एक वाजून पस्तीस मिनिटांनी गेले. अक्का त्याला ताक-भात भरवत होती. तीन घास खाल्ले, चौथा नको म्हणाला. ती वाटी ठेवायला आत गेली, येईपर्यंत संपले होते. त्रास झाला नाही, धाप नव्हती, ताप नव्हता. मी अर्ध्या तासापूर्वी त्याच्याशी बोललो होतो. डॉक्टरला बोलवायला वेळच मिळाला नाही. एवढे तरी तुझ्या आईला सांग. तिला वाटते मी त्याला तडफडत ठेवले.

मी पंचांग काढले. पंचक सात एकतीसपर्यंत होते. तू म्हणशील, त्याची शांती असते, दर्भाचे पाच पुतळे करून मयताबरोबर जाळतात, ती का नाही केली. माझ्या वडिलांच्या वेळी केली होती. पुतळे मी स्वतःच्या हाताने वळले. त्यानंतर चार महिन्यांत माझा गोलू गेला. सहा वर्षांचा होता, दोन दिवसांच्या तापाने गेला. तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे, आमच्या घरात कोणी काढत नाही. अक्का अजून सहा वर्षांचे पोर दिसले की पदर तोंडाला लावते. तेव्हापासून माझा शांतीवर विश्वास नाही, पंचकावर आहे. आणि मयुरेश गेला तेव्हा आपल्या घरात सगळ्यात धाकटी तू होतीस. मी दुसरा विचार केला नाही.

दार लावले, खिडक्या लावल्या. तुझ्या आईला मी लिहिले की खोलीत कूलर आहे. आहेच, पण दोनपासून साडेपाचपर्यंत लाईट नव्हती. त्या दिवशी धारला चव्वेचाळीस होते. मी ओल्या पंच्याने त्याचे तोंड पुसत बसलो. त्याच्या डोक्यात काही विरत असेल, नासत असेल, हे मला कुठून कळणार? मी सात एकतीस वाजायची वाट बघत होतो. चार वाजता तुझ्या आईचा फोन वाजला. मी अक्काला खूण केली. अक्का म्हणाली, झोपलाय. फोन ठेवला आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. वाढते, पण समोर बसत नाही.

साडेआठला डॉक्टर आले. त्यांनी हात उचलला, तो कोपरात वळेना. माझ्याकडे पाहून म्हणाले, "कितने बजे?" मी म्हटले, "सात पचास." त्यांनी एकदा पुन्हा हाताकडे पाहिले आणि लिहिले. माझी या गावात तेवढी पत आहे.

मला पस्तावा आहे का? तुझ्या आईपुढे नाही. वर्ष होत आले, घरात दुसरे कोणी गेले नाही, तुझ्या पोटात बाळ आहे. मी म्हणतो ते माझ्यामुळे. तुम्ही हसा. पण आज हा कागद लिहिताना मला असे वाटते आहे की मी दाराबाहेर ठेवलेले संकट स्वतःच्या हाताने तुझ्या घरात आणून सोडतो आहे. तरी लिहितो, कारण तुझ्या आईने कळवले की त्या रिपोर्टात तुलाही हाच आजार निघाला आहे, आणि बाळ ठेवायचे की नाही ते तू त्याच्यावर ठरवणार आहेस. खोट्या वेळेवर काढलेल्या रिपोर्टापायी ते पोर जाऊ नये. त्यापेक्षा मला खोटारडा म्हणा.

सोबत जबाब आहे. वेळ, खोली, लाईट गेल्याचे तास, सगळे लिहिले आहे. साक्षीदार म्हणून अक्काने सही केली. दुसरी सही दत्ताजींची, ते समोरच राहतात. मी जबाब वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, "भास्करराव, मला ठाऊक होतं. दुपारी रडण्याचा आवाज आला होता." वर्षभर काही बोलले नाहीत.

तब्येत सांभाळ. ओझे उचलू नकोस.

तुझे मोठे बाबा

—

देवास, १२ एप्रिल

आई आणि मोठे बाबा,

दोघांना एकच पत्र लिहिते आहे, एकाची झेरॉक्स. कोणाला ओरिजिनल आणि कोणाला कॉपी मिळाली त्यावरून भांडू नका. माझी शाळा हिंदी मीडियमची, मराठी मी बोलते तसंच लिहिणार.

मोठे बाबा, तुमचं पाकीट माझ्या सासूबाईंच्या हातात पडलं. मी गेटपाशीच उघडलं. तुम्हाला वाटलं मला सगळं माहीत आहे. मला काहीच माहीत नव्हतं. रिपोर्ट आलाय, हेच माहीत नव्हतं. मी पाच मार्चला आईला विचारलं, ती म्हणाली, "अभी नहीं आया, देर लगती है." वीसला पुन्हा विचारलं, तेच. मधे सोनोग्राफीला ती माझ्याबरोबर आली. स्क्रीनवर बाळाचा हात दिसला तेव्हा ती रडली. मला वाटलं, खुशीत रडतेय. मी पियुषला सांगितलं, देख, मम्मी कितनी खुश है.

मी त्याच दिवशी आईकडे गेले आणि तुमचं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं. "त्रास झाला नाही" तिथे बोट ठेवलं. मला वाटलं, आता ती सॉरी म्हणेल. ती म्हणाली, "बघ, मी म्हणतच होते." मग पर्समधून रिपोर्ट काढला, आणि त्याच्या घडीतून एक चिठ्ठी खाली पडली. डॉक्टरची अपॉइंटमेंट, १६ एप्रिल, पेशंट अनन्या. आईने नंबर लावून ठेवला होता. मला कधी सांगणार होतीस, आई? पंधरा तारखेला? की रिक्षात बसल्यावर? तू म्हणालीस, मोठ्या बाबांची ओळ येईपर्यंत मला तुला घाबरवायचं नव्हतं. म्हणजे तू मोठ्या बाबांसारखंच केलंस. मी घाबरायला नको म्हणून मी काय जगायचं ते तू ठरवायला घेतलंस.

जबाब मी स्वतः लॅबला पाठवला. काल त्यांचा फोन आला. मॅडम चांगल्या होत्या, हळू बोलत होत्या. म्हणाल्या, दहा तास, त्यातले सव्वासहा बंद खोलीत, चव्वेचाळीस डिग्रीत. तो रिपोर्ट आम्ही रद्द करतो. मी विचारलं, मग मला आजार नाही ना? म्हणाल्या, तसंही सांगता येत नाही. हो पण नाही आणि नाही पण नाही. त्या नमुन्यातून आता कधीच कळणार नाही. दुसरा नमुना कुठून आणणार, बाबा तर एकच होते.

मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा बाबांवर रडले. वर्षभर मी फक्त तुमची भांडणं ऐकत होते, रडायला वेळच नव्हता. त्यांना पेन धरता येत नव्हतं. तो फॉर्म भरायला त्यांना पाऊण तास लागला होता, मी पॅड धरून शेजारी बसले होते. नावातला 'य' तीनदा खोडला. त्यांनी तो माझ्यासाठी भरला होता. "तुला तरी कळेल, गुड्डी," म्हणाले होते. आता नाही कळणार. मोठे बाबा, तुम्ही मला पंचकापासून वाचवायला ते नासवलं. मी तुमच्यावर हसत नाहीये. गोलूदादाचं वाचून मला खूप वाईट वाटलं, अक्कांना मी फोन केला, आम्ही दोघी बोललो. पण मी तुम्हाला माफ करत नाहीये. दोन्ही एकदम होऊ शकतं.

बाळ मी ठेवतेय. हे रिपोर्ट रद्द झाला म्हणून नाही. तो खरा असता तरी मी आणि पियुषने बसून ठरवलं असतं, आणि काय ठरवलं असतं ते तुम्हाला कधीच सांगितलं नसतं. १६ तारखेचा नंबर मी कॅन्सल केला.

आई, तू रोज संध्याकाळी येतेस ते आता नको. मोठे बाबा, वर्षश्राद्धाला मी येणार नाही. बाबांचं जे करायचं ते मी इथेच करेन, मला जमेल तसं. अक्कांना बाळंतपणाला यायचं असेल तर त्यांनी एकटीने यावं, त्यांना मी सांगितलंय.

ऑक्टोबरमध्ये बाळ होईल. झालं की तुम्हाला दोघांना कळवीन, मुलगा की मुलगी तेही कळवीन. किती वाजता झालं, ते मात्र विचारू नका. दवाखान्यातही सांगून ठेवणार आहे. ती वेळ मी स्वतः घड्याळात बघेन आणि माझ्याजवळ ठेवेन.

अनन्या